नकाशावरची टिकली

घाटकोपर पूर्वेला साटम राहतात त्या इमारतीपाशी रस्ता काटकोनात वळतो. वळणाच्या एका अंगाला मोठा रस्ता आणि दुसऱ्या अंगाला बाजारगल्ली. गल्लीत बसणाऱ्यांना मोठा रस्ता दिसत नाही आणि मोठ्या रस्त्यावरून येणाऱ्याला गल्ली दिसत नाही. दोन्ही एकदम दिसतात ते फक्त साटमांच्या पहिल्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खिडकीतून.

चंद्रप्रकाश साटम एका औषध कंपनीत आवक-जावक विभागात कारकून होते. निवृत्त झाल्यावर ते या खिडकीत बसू लागले. माणूस अबोल. सोसायटीच्या सभेत सगळ्यांत मागे बसायचा, मत विचारलं तर शेजारच्याकडे बघायचा. त्यांची बायको वनमाला मात्र मालवणकडची, खणखणीत आवाजाची. जिन्यातून कुणी वर आलं की तिचा आवाज आधी भेटायचा आणि मग दार.

गल्लीच्या तोंडाशी, अगदी वळणाला लागून, कृष्णाबाई मासळी घेऊन बसायची. ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातली ही बाई सासूच्या जागेवर बसत होती, आणि सासूही तिच्या सासूच्या. जागा गिऱ्हाइकाला चांगली, पण एका बाबतीत वाईट. पालिकेची अतिक्रमण उचलणारी गाडी मोठ्या रस्त्यावरून वळली की तिच्यापुढे पहिली यायची ती कृष्णाबाईच.

या गाडीला गल्लीत नुसतं ‘गाडी’ म्हणायचे. गल्लीची त्याबाबत एक रीत होती. गाडीची खबर ज्याला आधी लागेल त्याने ती शेजारच्याच्या कानावर घालायची आणि मगच स्वतःचा माल उचलायचा. आधी खबर, मग पाटी. कुणी आधी पाटी उचलली तर त्याच्याशी दोन-चार दिवस कोणी बोलायचं नाही. अशी खबर वळणापासून पार दुसऱ्या टोकाच्या देवळापर्यंत चालत जायची. देवळाजवळचे वाचायचे, मधले धडपडायचे, आणि जिच्यापासून खबर सुरू व्हायची ती कृष्णाबाई बऱ्याचदा सापडायची.

मग टिकली आली. मुलुंडच्या एका शहाळेवाल्याची मुलगी प्रांजल. इंजिनीअरिंग शिकता शिकता तिने फोनसाठी एक ॲप बनवलं. ज्याला गाडी दिसेल त्याने बटण दाबायचं. नकाशावर त्या जागी लाल ठिपका उमटायचा आणि आसपासच्या सगळ्या फोनांत घंटा वाजायची. ॲपचं खरं नाव इंग्रजीत होतं, ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. सगळे म्हणायचे टिकली.

कृष्णाबाईला वाचता येत नव्हतं, पण घंटा ऐकू यायची. ओल्या हातांमुळे ती फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोवायची. एकदा दुपारी वनमालावहिनींना सुरमईच्या तुकड्या द्यायला ती वर आली आणि खिडकीशी थांबली.

“वैनी, हितनं तर सगळा रस्ता दिसतंय गं.”

“दिसता तर. म्हणान तर ह्यांका हयसून उठूक नको. दिवसभर बसान रवतत, जसो काय ह्यांका कोणी पगार देता.”

“मग भाऊंच्या फोनात ती टिकली टाक ना. आमचं भलं व्हईल.”

साटमांना नाही म्हणताही येत नसे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पहिल्यांदा बटण दाबलं. खाली गल्लीभर एकाच वेळी घंटा किणकिणल्या, आणि गाडी वळेपर्यंत गल्ली झाडून पुसून घेतल्यासारखी रिकामी झाली. साटम खिडकीतून मागे सरले. त्यांचे कान तापले होते. आपण नुसतं बोट टेकवलं आणि एवढी माणसं उठली, हे त्यांना कितीतरी वेळ खरं वाटेना. गिरणी बंद पडल्यावर त्यांच्या वडिलांनी याच भागात हातगाडीवर कांदे-बटाटे विकले होते. एके दिवशी हातगाडी गेली, वडील चालत घरी आले, पाय धुतले आणि त्यानंतर कधी बाहेर विकायला गेले नाहीत. वडिलांच्या वेळी या खिडकीत कोणी असतं तर, असं साटमांच्या मनात यायचं.

वर्षभर हे सुरळीत चाललं. सवय अशी लागली की गल्लीने जुनी रीत सोडली. कानावर घालायचं कशाला, फोन सांगतोच की. घंटा वाजली की उठायचं. घंटा नाही म्हणजे गाडी नाही.

मधे काही टवाळ पोरं खोट्या टिकल्या लावू लागली. प्रांजलने सगळ्यांना कळवलं की शक्य असेल तर टिकलीबरोबर गाडीचा फोटोही टाका, म्हणजे लोकांना खात्री पटेल. साटम कामाला काटेकोर. एका सकाळी त्यांनी गाडीचा स्वच्छ फोटो काढला आणि टाकला. त्यात गाडीचा नंबर आला, खिडकीच्या गजाचा कोपरा आणि त्यावर लटकवलेली मनीप्लँटची बाटली आली, आणि मागच्या फळीवर उभं राहून कुणाचा तरी तराजू वर ओढणाऱ्या एका कामगाराचा चेहरा आला. साटमांनी चेहऱ्याकडे बघितलंही नव्हतं. त्यांनी नंबर नीट आलाय ना एवढंच पाहिलं.

तो फोटो टिकलीतून निघाला आणि भलत्याच ठिकाणी फिरू लागला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘हाच तो, ओळखून ठेवा.’

महिन्याभराने कृष्णाबाई कोलंबी सोलता सोलता वनमालावहिनींना सांगत होती.

“तो अल्पेश गं, गाडीवरचा. आमच्यातलाच हाय, वेसाव्याचा. त्याची आय बाजारात बसतंय, मी वळकते तिला. अंधेरीला स्टेशनाभायेर चौघांनी धरला त्याला. मनगट मोडलं. पोर संगती व्हती त्याची, शाळंतनं आणत व्हता.”

“कित्याक पण?”

“फोटो बघितला म्हनं कुनीतरी फोनात.”

साटम आतल्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर तसाच हातात राहिला.

त्या संध्याकाळी टीव्हीवर चर्चा लागली. एकजण म्हणत होता, सरकारी कामावरच्या माणसांवर पाळत ठेवणारी ॲप हवीतच कशाला, उद्या कुणी मेलं तर जबाबदार कोण. दुसरी बाई म्हणत होती, रस्त्यावर उघड्यावर उभी असलेली गाडी दिसली हे सांगणं गुन्हा असेल तर मग बोलायचं तरी काय. तिसरा दोघांवर ओरडत होता. त्यांच्या मागे फोटो दाखवत होते. चेहरा पुसट केला होता, पण मनीप्लँटची बाटली स्पष्ट दिसत होती. वनमालावहिनींनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे पाहिलं आणि उठून टीव्ही बंद केला. त्या बोलल्या नाहीत, याचीच साटमांना जास्त भीती वाटली.

त्यानंतर एका सकाळी गाडी मोठ्या रस्त्यावर दिसली. साटमांनी बटण दाबलं. फोटो काढायचा तर आता प्रश्नच नव्हता.

खाली कोणी उठलं नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. वळणाजवळचा लिंबूवाला लिंबांवर पाणी शिंपडत होता. कृष्णाबाई एका गिऱ्हाइकाला बोंबलाचे वाटे दाखवत होती, कमरेची पिशवी गप्प होती. गाडी सिग्नलला थांबली होती. सिग्नल सुटायला अजून अवकाश होता. खिडकी उघडी होती आणि कृष्णाबाई एवढी खाली की साधं बोललं तरी ऐकू गेलं असतं. साटमांनी तोंड उघडलं. मग मिटलं. कुणी वर बघेल. कुणी म्हणेल, तोच हा, बाटलीवाल्या खिडकीतला. ते अंगठ्याने बटण दाबत राहिले.

गाडी वळली. कृष्णाबाईने मान वर करेपर्यंत दोघे खाली उतरले होते. पाटी गेली, बर्फाचा खोका गेला, कोयता गेला. ती गाडीच्या मागे थोडी धावली आणि मग गिऱ्हाइकाच्या हातात राहिलेल्या एका वाट्याकडे बघत उभी राहिली. देवळापर्यंतची अर्धी गल्ली त्या दिवशी साफ झाली, कारण कुणी कुणाच्या कानावर काही घातलंच नव्हतं.

दुपारी उलगडा झाला. फोनच्या कंपनीने टिकली आपल्या ॲपच्या दुकानातून काढून टाकली होती. ॲप फोनात दिसत होतं, बटणही दाबलं जात होतं, पण घंटा पोचवायचं काम कंपनीकडूनच व्हायचं आणि ते तिने थांबवलं होतं. फोन मुका झाला होता, आणि गल्लीने मुका फोन म्हणजे मोकळा रस्ता असंच धरलं होतं.

कृष्णाबाई वर आली ती चप्पल न काढता उंबऱ्यातच उभी राहिली.

“भाऊ, तू खिडकीत व्हतास ना?”

“होतो.”

“गाडी दिसली तुला?”

“दिसली. मी दाबत होतो. वाजलंच नाही.”

“तोंड व्हतं ना पर?”

वनमालावहिनी एरवी नवऱ्याच्या वतीने बोलायच्या, पण त्या स्वयंपाकघराच्या दारात थांबून राहिल्या.

“सून बोलतंय, बस झालं आता,” कृष्णाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “वरसाभरानं परत पाटी गेली. मी तिला सांगितलं, येक डाव आनखी बघते. पुन्ना गेली तर जागा सोडते आनि घरला बसते. तुला ऐकवायला नाय सांगत. तुला म्हाइत असावं म्हनून सांगते.”

ती गेली. साटमांना वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी प्रांजलला फोन केला. असा अनोळखी माणसाला आपणहून फोन त्यांनी क्वचितच केला असेल. पहिली दोन वाक्यं त्यांनी मनात घोळवून ठेवली होती, तीही अडखळली.

“ते माझ्या फोटोमुळे झालं का?”

“माहीत नाही काका,” प्रांजल म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. “मला तीन ओळींची मेल आली. आक्षेपार्ह मजकूर, एवढंच. कुठला मजकूर, कुणी तक्रार केली, मी विचारलं. त्याला उत्तर म्हणून त्याच तीन ओळी परत आल्या. मी म्हटलं फोटो बंद करते, चेहरे पुसायची सोय करते, नुसता ठिपका राहू द्या. तरी तेच.”

“सही कुणाची आहे खाली?”

“सही नसते काका. टीम म्हणून असतं.”

हे साटमांच्या डोक्यात फार बसलं. त्यांच्या हातून आयुष्यभर कागद गेले. त्यांत कामावरून काढल्याची पत्रं होती, नकाराची होती, अपमानाचीही होती. पण प्रत्येकाखाली कुणीतरी सही केलेली असे, आणि भांडायचं असलं तर कुठल्या दारावर जायचं ते माणसाला कळे. इथे काढणाऱ्याला नाव नव्हतं. मग त्यांना आठवलं की त्यांच्या फोटोखालीही नाव नव्हतं. अल्पेशने कुठल्या दारावर जायचं?

रविवारी मुलगा निलेश ऐरोलीहून आला. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. जेवताना विषय निघालाच.

“बाबा, झालं ते बरं झालं. कंपनीचे नियम असतात. एका माणसाचं मनगट मोडलंय.”

“नियम असतत?” वनमालावहिनींनी त्याच्या पानात आमटी वाढली. “तुझ्या गाडीतलो तो नकाशो बोलता ना, पुढे पोलीस उभो आसा म्हणान? परवा तू वाशीच्या पुलार वेग कमी केलंस तो कोणाच्या सांगण्यान?”

“आई, ते वेगळं.”

“कसा वेगळा?”

“ते... ते मोठं ॲप आहे.”

“हां. असा सांग.”

निलेशला हसू आलं, पण त्याने मुद्दा सोडला नाही. “बरं, मान्य. पण मला एक सांग, अल्पेशच्या जागी मी असतो तर? माझा फोटो असा फिरला असता तर तू टिकलीवाल्यांना ओवाळलं असतंस?”

वनमालावहिनी वाटी हातात धरून थांबल्या. “नाय,” त्या म्हणाल्या. “जावन झिंज्यो उपटलंय असतंय.” मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. “ह्यांच्योच.”

साटम भात कालवत होते. निलेशला फोटोचं माहीत नव्हतं. आईच्या आवाजावरून त्याला ते आता कळलं. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, “बाबा, खिडकीत बसणं सोडा थोडे दिवस.”

साटमांनी सोडलंही. सोमवारी ते आतल्या खोलीत बसले, मंगळवारीही. पण आत बसलं तरी रस्ता कानांवर येत होता. मोठ्या रस्त्यावर ट्रक थांबला की त्यांचा हात खुर्चीवर घट्ट व्हायचा. खाली कृष्णाबाई नवी पाटी घेऊन बसली होती. तिच्या शेजारची लिंबूवाल्याची जागा त्या दिवसापासून रिकामी होती, त्यामुळे तिची खबर घ्यायला आणि द्यायला आता शेजारीही नव्हता. ती दर थोड्या वेळाने उठायची, वळणापर्यंत जाऊन डोकावायची आणि परत यायची. तेवढ्यात गिऱ्हाईक येऊन निघून जायचं. खिडकीकडे ती एकदाही बघत नव्हती.

बुधवारी सकाळी साटम खिडकीशी आले ते मनीप्लँटची बाटली काढून ठेवायला. बाटली हातात घेतली आणि समोर गाडी दिसली.

ती सिग्नलच्या अलीकडे होती. मागच्या फळीवर तिघे उभे होते. त्यातल्या एकाच्या डाव्या हाताला प्लॅस्टर होतं आणि तो उजव्या हाताने साखळी धरून होता. साटमांनी चेहरा आज पहिल्यांदा नीट बघितला. तिशीचा असेल. डोळे झोप न झालेले. प्लॅस्टरवर कुणा मुलीने पेनाने मासा काढला होता, किंवा इतक्या लांबून त्यांना तसं वाटलं.

खाली कृष्णाबाईने नुकतंच वळणाशी डोकावून घेतलं होतं आणि आता ती पाठ करून एका बाईला पापलेट कापून देत होती. तिच्या हातात सुरी होती आणि पाटी उघडी होती.

हाक मारली तर अल्पेशचं काम फसणार, वर कुणी त्याला जाब विचारणार. नाही मारली तर कृष्णाबाई उद्यापासून दिसणार नाही. साटमांना यातलं बरोबर कुठलं ते ठरवता आलं नाही, आणि त्यांनी ते ठरवलंही नाही. एवढंच त्यांच्या लक्षात आलं की या वेळी दाबायला बटण नाही. जे काही होईल ते या खिडकीतून, त्यांच्या तोंडाने होईल, आणि ज्याला बघायचं असेल त्याला मान वर करून बघता येईल. त्यांनी बाटली खाली ठेवली, गजांना धरलं आणि चेहरा गजांपर्यंत नेला.

“कृष्णाबाई.”

पहिली हाक त्यांनाच ऐकू आली.

“कृष्णाबाई. गाडी. गाडी आली, उठा.”

दुसरी हाक चिरकली, फुटली, पण रस्त्यावर पोचली. कृष्णाबाईने वर पाहिलंच नाही. सुरी पाटीत टाकली, आधी रिकाम्या जागेपलीकडच्या भाजीवालीला खांद्याला धरून सांगितलं, मग फडकं ओढलं, पाटी डोक्यावर घेतली आणि जिन्याखाली शिरली. भाजीवालीने पुढच्याला सांगितलं. गल्लीतून खबर चालू लागली. देवळाच्या दिशेने ती जाताना साटमांना वरून दिसत होती. माणसं वाकत होती आणि उठत होती.

गाडी वळली तेव्हा तिच्या हाती दोन ताडपत्र्या आणि एक मोडकं स्टूल लागलं. पुढे बसलेल्या साहेबाने काच खाली करून वर पाहिलं. प्लॅस्टरवाल्यानेही वर पाहिलं. साटम हलले नाहीत.

थोड्या वेळाने दार वाजलं. वनमालावहिनींनी उघडलं. अल्पेश उभा होता.

“ओरडले ते काका कुठायत?”

“आत ये,” साटम म्हणाले. “मीच.”

तो आत आला, पण बसला नाही. खिडकीपर्यंत गेला, बाहेर बघितलं, मग खाली ठेवलेल्या बाटलीकडे बघितलं.

“फोटोही हितनंच.”

“हो. मीच काढला. तुझा चेहरा आलाय हे बघितलं नाही. बघायला हवं होतं.”

अल्पेशने मान हलवली. त्याचा अर्थ हो होता की नाही ते कळलं नाही. वनमालावहिनींनी पाणी आणलं. त्याने उजव्या हाताने पेला घेतला आणि उभ्याउभ्याच प्यायला.

“माझी आई तीन आठवडे बाजारात बसली नाही,” तो म्हणाला. “बाया तोंड फिरवायच्या. मी दोन वर्षं झाली कंत्राटावर आहे काका. दुसरं काम मिळालं तर उद्या सोडतो. मलापण मावशींची पाटी उचलायला झकास वाटत नाही.”

साटमांनी खुर्ची पुढे सरकवली. तो उभाच राहिला.

“कोण होते, कुणी फिरवला, कुणी लिहिलं खाली, एक माणूस सापडला नाही,” अल्पेश म्हणाला. “पोलीस म्हणतात सापडणारही नाही. ते ॲप काढलं तेव्हा आमचे लोक खूश झाले. मला काय वाटलं सांगू? काहीच नाही. ज्यांनी मारलं ते तर फिरतायतच.”

खालून गाडीचा हॉर्न वाजला. त्याने पेला परत दिला.

“साहेबांनी तुमचं नाव विचारून यायला सांगितलंय. सोसायटीला पत्र देणार म्हणे, सरकारी कामात अडथळा.”

“चंद्रप्रकाश साटम,” साटम म्हणाले. “खोली पाच. लिहून देऊ का?”

“लक्षात राहील.” तो दारापर्यंत गेला आणि थांबला. “उद्यापण आम्ही येणार, काका. परवापण.”

“मी असेन.”

“ओरडणार?”

साटमांनी बायकोकडे पाहिलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती पेला विसळायला वळली होती.

“हो,” ते म्हणाले. “ओरडणार.”

अल्पेश एका हाताने कठडा धरून जपून जिना उतरू लागला.